वज्रमुठी कुणाला पाडत नाही

कपाटाचे दोन पाय हवेत होते. खालची अर्धी फरशी झाडून झाली होती, उरलेल्या अर्ध्या फरशीवर धूळ, एक बटण आणि कधीचं मरून पडलेलं झुरळ तसंच होतं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"वहिनी, हलू नका! अगदी तश्शाच राहा!"

वहिनी राहिल्या. डाव्या खांद्यावर कपाट, उजव्या हातात झाडू. धाकटे दीर उंबऱ्यातच फतकल मारून बसले आणि मांडीवरच्या कागदावर त्यांची पेन्सिल धावायला लागली.

"लवकर आटपा हो भाऊजी. मला ड्यूटीवर जायचंय."

"झालंच. हनुवटी जरा वर. तो झाडू तेवढा खाली ठेवता का?"

"झाडू खाली ठेवला तर कपाट उचलून मी कशाला उभी राहू? हौस म्हणून?"

हे त्या घरात रोजचंच होतं. देवाने ताकद वाटताना घर चुकावं तसा प्रकार होता. नवऱ्याच्या वाट्याची, दिराच्या वाट्याची आणि शेजारपाजारची थोडी, अशी सगळी ताकद वहिनींच्या ओंजळीत पडली होती. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचे आणि त्यांचा श्वाससुद्धा जपून चालायचा. बाजारातून येताना बटाट्याची पिशवी मात्र बायकोच्या हातात. त्यांना त्याची लाज नव्हती आणि वहिनींनाही त्याचा तोरा नव्हता. सकाळी उठून हात जोडायचे, "देवा, आजही या हातांतून कुणी पडू देऊ नकोस," एवढंच मागायचं आणि कामाला लागायचं.

हात जोडायचं कारण त्यांचं कामच तसं होतं. त्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात मावशी होत्या. खुबा मोडलेली, मणका सरकलेली, प्लास्टरमधली माणसं पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायची. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, माणूस आपल्या पोटाशी, आणि मग वर. बाकीच्या दोघी मावश्या मिळून जे करायच्या ते या एकट्या करायच्या. डॉक्टर त्यांना गमतीने क्रेन म्हणत. आजवर त्यांच्या हातून कुणी पडलं नव्हतं.

आणि दीर होते चित्रकार. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता मुलांच्या एका मासिकात चित्रकथा काढायचे. लग्न केलं नव्हतं. ती चित्रकथा हाच संसार. त्यांची एक अडचण होती, ती घरातल्यांनाच माहीत होती. समोर दिसेल तेवढंच त्यांना काढता यायचं. मनातून काढायला बसले की माणसांचे हात केळ्याच्या फण्यांसारखे यायचे. म्हणून चित्रकथेत कुणी खिडकीतून डोकावणार असेल तर आधी यजमानांना खिडकीतून डोकावावं लागे. आणि कुणी डोंगर, तोफ किंवा आगगाडीचं इंजिन उचलणार असेल, तर वहिनी होत्याच.

"आज काय उचलतेय मी?" वहिनींनी विचारलं.

"पूल."

"पूल! बरं. कुणाला वाचवायला?"

पेन्सिल थांबली. "वाचवायला असं नाही."

"मग?"

"पाडायला."

वहिनींनी मान वळवली. हलू नका म्हणायचं दिरांना सुचलं नाही.

"भाऊजी, तुमच्या गोष्टीतली नायिका पूल पाडते?"

"वहिनी," दीर पेन्सिलीला टोक काढायला लागले. टोक चांगलं होतं. "ती नायिका नाहीये. नायक झंझावात आहे. ही वज्रमुठी. ती त्याची… म्हणजे ती दुसऱ्या बाजूची आहे."

"दुसऱ्या बाजूची म्हणजे?"

"खलनायिका."

आता यात चूक कुणाची म्हणायची? दिरांनी खोटं कधी सांगितलं नव्हतं. "वहिनी, तुम्हाला घेतोय गोष्टीत," एवढंच ते म्हणाले होते. आणि वहिनींनी मासिक कधी उघडलं नव्हतं, कारण छापलेलं आपलंच तोंड निरखत बसणं त्यांना बरं वाटत नव्हतं. पण वॉर्डात त्यांनी सांगितलं होतं. एकदा नाही, उठता बसता सांगितलं होतं. "आमच्या भाऊजींच्या चित्रकथेतली ती शूर बाई आहे ना, ती मीच." आणि सगळे हसायचे, ते कौतुकानेच हसतात अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी कपाट खाली ठेवलं. दोन्ही पाय एकाच वेळी टेकले, आतली कपबशीसुद्धा वाजली नाही. दिरांनी मान खाली घातली, आता वादळ येणार म्हणून.

वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या. "मग ती वाईट म्हणजे नक्की काय काय करते?"

"अं?"

"आणा बघू सगळे अंक."

त्या संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर वहिनींनी गठ्ठा पुढ्यात घेतला आणि यजमानांचं भिंग लावून एकेक चौकट बघितली. कोपर त्यांचंच होतं. हनुवटीवरचा तीळ त्यांचाच. अंबाड्यातून कायम निसटणारी बटही दिरांनी सोडली नव्हती. वज्रमुठीने धरण उचललं होतं, बँकेची तिजोरी काखेत मारली होती, नगराध्यक्षांना पळवून नेलं होतं. राग यायला हवा होता, पण वहिनींना राग येईना. आपल्यासारखीच दिसणारी एक बाई इतकी वर्षं आपल्याच घरात काय काय उद्योग करत होती आणि आपल्याला पत्ताच नाही, याचंच नवल वाटत राहिलं.

"भाऊजी, ही राहते कुठे?"

"डोंगरातल्या किल्ल्यात."

"एकटी?"

"एकटी."

"एवढा किल्ला झाडतं कोण?"

"वहिनी, चित्रकथेत तसलं दाखवत नाहीत."

"बरं. मग तिला शहर कशाला उद्ध्वस्त करायचंय?"

"दुष्ट आहे म्हणून."

"आणि दुष्ट कशावरून?"

"शहर उद्ध्वस्त करते त्यावरून."

यजमान चहा पिता पिता ठसकले. वहिनींनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. हलकेच थोपटलं, तरी कप हिंदकळला.

"तिला एवढी ताकद आली कुठून?"

"उल्का पडली."

"कुणावर?"

"तिच्यावर."

"मग लागलं असेल."

"नाही लागलं. उलट ताकद आली."

"असं तुम्ही म्हणता. उल्का पडलेल्या बाईला एकाने तरी विचारलं का, बाई गं, दुखलं का म्हणून?"

दिरांनी अंक मिटला. "दादा, वहिनींना सांग ना काहीतरी."

"मी काय सांगू?" यजमान म्हणाले. "रास्त प्रश्न आहे. मलाही जाणून घ्यायचंय."

पुढचे काही दिवस असेच गेले. भाजी चिरता चिरता वहिनींना काहीतरी सुचायचं आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या. वज्रमुठीला दार उघडताना कडी तुटत असेल का? तिने कधी कुणाचं मूल घेतलं असेल का? केस कसे विंचरते, फणीचे दात राहतात का? "छापून येतं तेवढीच ती आहे हो वहिनी," दीर वैतागून म्हणायचे. वहिनींना ते पटायचं नाही. आपण तरी लोकांना दिसतो तेवढ्याच कुठे असतो?

अशातच संपादकबाईंचा फोन आला. दिरांचे हात शाईने माखलेले, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. त्यामुळे सगळं घराने ऐकलं.

"तुमच्या त्या वज्रमुठीला एक पोर घाबरत नाही!" संपादकबाईंचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. "नगराध्यक्षाला पळवते ते पान काढा. काढलंत? कसं धरलंय त्याला? मान हातावर, गुडघ्यांखाली हात. अहो, पळवून नेतेय की अंघोळीला नेतेय?"

"ते… पकड तशी आहे."

"कसली पकड? आमच्या इमारतीतली मुलं खेळतात ना, त्यात झंझावात व्हायला कुणी तयार नाही. सगळ्यांना वज्रमुठीने उचलून न्यायला हवंय! खलनायिका आहे ती, आया नव्हे. ऐका. पुढच्या अंकात ती झंझावाताला हरवणार. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. नाही जमलं तर हा अंक शेवटचा. त्या पानावर मी शब्दकोडं घालीन."

फोन बंद झाला. दीर बराच वेळ शाईच्या बाटलीचं झाकण लावत बसले. ते आधीच लागलेलं होतं.

"शब्दकोडं," ते शेवटी म्हणाले.

वहिनींना वाईट वाटलं. माणसाजवळ एकच गोष्ट, आणि तिच्या मुळावर आपलेच हात यावेत. "त्यात काय मोठंसं?" त्या पदर खोचून म्हणाल्या. "फेकायचंच आहे ना? सांगा काय फेकू."

पहिल्यांदा उशी. वहिनींनी उशी डोक्यावर धरली, दिरांनी पेन्सिल सरसावली, "फेका!" म्हणाले. उशी हातातून सुटली, पण वहिनी तिच्या मागोमाग दोन पावलं गेल्या आणि जमिनीला लागायच्या आत त्यांनी ती झेलली. वर थोपटून सारखी केली.

मग जुन्या कपड्यांचं गाठोडं. ते त्यांनी वेगाने खाली आणलं खरं, पण फरशीपासून वीतभर अंतरावर हात आपोआप आखडले आणि गाठोडं अलगद टेकलं.

"वहिनी, राग आणा! तो तुमचा शत्रू आहे!"

"शत्रू असला तरी डोकं आपटेल हो त्याचं."

"गाठोड्याला डोकं नाहीये!"

शेवटी दीर म्हणाले, मलाच फेका, गादीवर. समोर आरसा ठेवतो, आरशात बघून काढतो. वहिनींनी त्यांना उचललं. "एक, दोन," दीर मोजायला लागले, डोळे घट्ट मिटून. तीन म्हणाल्यावर त्यांनी डोळे उघडले, तर ते गादीवर होते, डोक्याखाली उशी होती आणि वहिनी त्यांच्या पायावर चादर ओढत होत्या.

"जमत नाही हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "एकदा सोडायची सवय लागली हातांना, तर उद्या वॉर्डात काय करू? तुम्ही दुसरं कुणी बघा. कोपऱ्यावरचे पैलवान आहेत."

"पैलवान! इतकी वर्षं ती तुमच्यासारखी दिसतेय. आता तिला मिश्या काढू?"

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर गेल्या त्या हाच प्रश्न डोक्यात घेऊन. आपल्याकडे बघून कुणाच्या पोटात गोळा येईल? बेडपॅन धुता धुता, चादरी बदलता बदलता त्या विचार करत होत्या. त्यांचा स्वभाव विचारून मोकळं होण्याचा. त्यांनी सरळ वॉर्डात विचारलं.

"काय हो, तुमच्यापैकी कुणाला माझी भीती वाटते का?"

खिडकीजवळच्या आजी हसल्या. "तुझी कसली भीती? त्या सुईवाल्या सिस्टरची वाटते."

"मला जेवणाची वाटते इथल्या," पायाला वजन लावलेला ड्रायव्हर म्हणाला. "तू तर देवमाणूस आहेस मावशी. का, वज्रमुठी रागावली काय तुझ्यावर?"

म्हणजे यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं तर! वहिनींचे कान तापले. पण हसणाऱ्यांबरोबर त्याही हसल्या, दुसरं काय करणार?

शेवटच्या पलंगावरचे टेलरमास्तर तेवढे हसले नाहीत. खुबा मोडून आले होते. अंगाने काटकुळे, मितभाषी. वहिनी त्यांची चादर बदलायला गेल्या, नेहमीसारख्या वाकल्या, एक हात मानेखाली सरकवला.

"वाटते," मास्तर म्हणाले.

"काय वाटतं? दुखतंय?"

"भीती. तू विचारलंस ना? मला वाटते."

वहिनींचा हात तिथेच थांबला. "पाडीन म्हणून?"

"छे छे. पाडशील असं कधी मनातसुद्धा आलं नाही. तीच तर भानगड आहे." मास्तरांनी छताकडे बघितलं. "आलो त्या दिवशी तू समोर आलीस, 'चला मास्तर' म्हणालीस, आणि मी वर. मी हो म्हणायच्या आत. पिसासारखा. मी आयुष्यभर माणसांची मापं घेतली, पण हात वर करा म्हटल्याशिवाय कुणाच्या छातीला टेप लावली नाही. आणि तू मला उचललंस तेव्हा वाटलं, संपलं. आता माझे पाय म्हणजे विजारीचे पाय. दुसऱ्या कुणीतरी घडी घालून ठेवायचे."

"अहो, पण तुम्हाला लागू नये म्हणूनच ना…"

"तेच सांगतोय. कुणी पाडलं तर बोंब मारता येते. इतकं नीट धरलेल्या माणसाने काय म्हणून ओरडायचं?"

चादर तर बदलायची होती. त्यांनी मास्तरांना उचललं, खुर्चीत ठेवलं, चादर घातली, परत उचललं. रोजचंच काम, पण आज ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी केल्यासारखं झालं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. ते नेहमीच मिटायचे. वहिनींना वाटायचं, त्यांना बरं वाटतंय.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि तशाच दिरांच्या टेबलाशी गेल्या.

"भाऊजी, तिने फेकायचंच नाही."

"वहिनी, आता नका ना…"

"ऐका तर. तिने झंझावाताला उचलायचं. नीट, मान सांभाळून. आणि खाली ठेवायचंच नाही."

दिरांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे?"

"मला सांगता येत नाही. दाखवते. पण तुम्ही नकोत, तुम्हाला काढायचंय." आणि त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अहो! जरा बाहेर येता का? तुम्हाला झंझावात व्हायचंय."

यजमान बाहेर आले, डोळ्याला भिंग तसंच. "मी? झंझावात?" त्यांनी छाती पुढे काढली. ती फारशी पुढे आली नाही. "माझ्याकडे काय शक्ती असतात?"

"वादळ आणतोस तू," दीर म्हणाले.

"मग खिडक्या लावून घ्या," यजमान म्हणाले आणि खूश होऊन हात पसरून उभे राहिले.

वहिनींनी त्यांना उचललं. यजमान हसत होते. पाय हलवत होते. "वरून घर वेगळंच दिसतं हं. पंख्यावर केवढी धूळ आहे!" दीरही हसले. पेन्सिल चालायला लागली.

वेळ गेला. वहिनींना काही जड नव्हतं. यजमानांचं हसू हळूहळू आटत गेलं.

"झालं का रे?"

"थांब दादा, हात घेतोय."

"बरं, पण आता पुरे. ठेव गं खाली."

"हलू नका हो," वहिनी म्हणाल्या.

"पायाला मुंग्या आल्यात. ठेव."

"धरलंय ना मी?"

"अगं, ठेव म्हणतो ना!"

आणि त्यांनी अंगाला हिसका दिला. वॉर्डात माणूस असा हिसका देतो तेव्हा मावशीचे हात आपोआप आवळतात, तसे वहिनींचे आवळले. त्यांना कळलंही नाही. तोंडातून निघालं तेही रोजचंच, मऊ, समजूत घालणारं.

"गप्प पडून राहा बघू. मी आहे ना."

यजमानांनी परत हिसका दिला. या वेळी खरा. दोन्ही हातांनी त्यांनी बायकोच्या दंडावर जोर लावला, आणि दंड तसूभर हलला नाही. मग त्यांनी जोर लावणं सोडलं. मान कडेला वळवली आणि ते डोळे मिटायला लागले.

दिरांची पेन्सिल तेवढी कागदावर खरखरत होती.

वहिनींनी खाली बघितलं. हा चेहरा त्यांनी पाहिलेला होता. रोज पाहत होत्या, प्रत्येक पलंगावर. तो दिसला की त्या उशी सारखी करायच्या.

त्यांनी यजमानांना खाली ठेवलं, उभं. हात लगेच काढून घेतले. यजमानांनी सदरा खाली ओढला, भिंग नीट बसवलं आणि ते आतल्या खोलीत गेले. तिथून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज येत राहिला. लागते त्याहून जास्त वेळ.

"घाबरलो नव्हतो मी," आतून आवाज आला.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

किल्लीचा आवाज थांबला. "पुढच्या वेळी विचार."

"विचारीन हो."

चित्र तयार झालं ते सगळ्यांनी मिळून बघितलं. पानभर एकच चौकट. वज्रमुठीच्या हातांवर झंझावात, गळ्यापर्यंत त्याचाच झगा पांघरुणासारखा ओढलेला. मागे शहर जसंच्या तसं, एक वीट हललेली नाही. वज्रमुठीच्या चेहऱ्यावर क्रौर्याचा मागमूस नाही, आणि बाजूला तेवढेच शब्द, "गप्प पडून राहा बघू. मी आहे ना." झंझावाताचा चेहरा यजमानांचा होता. त्याच्याकडे वहिनींना फार वेळ बघवलं नाही.

"ही खरंच वाईट आहे का हो, भाऊजी?" त्यांनी विचारलं. "की तिला कळतच नाही?"

दीर या वेळी वैतागले नाहीत. "ते मलाही बघायचंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दीर ते पान घेऊन मासिकाच्या कचेरीत गेले. वहिनींची दुपारपासूनची पाळी होती. त्या कपडे वाळत घालत होत्या, पण कान दाराकडे. एकच चादर त्यांनी दोनदा पिळली आणि दुसऱ्यांदा ती टर्रकन फाटली. दीर परत आले ते जिना दोन दोन पायऱ्या चढत.

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही म्हणाल्या! पान बघितलं. मग उठल्या, खिडकी उघडली, परत बसल्या. आईला फोन लावला, काय करतेस म्हणून विचारलं आणि ठेवला. मग म्हणाल्या, छापते."

"आणि शब्दकोडं?"

"शब्दकोड्याचं नाव नाही. उलट पुढचे भाग मागितलेत. पण एक विचारलंय." दिरांनी धाप टाकली. "ती त्याला खाली कधी ठेवणार?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"वहिनींना विचारून सांगतो म्हणालो."

वहिनींनी फाटलेली चादर दोरीवर टाकली, चिमटा लावला. वज्रमुठी त्याला खाली कशी ठेवेल, कुठे ठेवेल, आणि ठेवल्यावर रिकाम्या हातांचं काय करेल, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. "बघू या," त्या म्हणाल्या. "आधी त्याला 'ठेव खाली' म्हणू तर द्या."

दुपारी वॉर्डात शिरल्यावर त्या सरळ शेवटच्या पलंगाशी गेल्या. वाकल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहिल्या, तसं उभं राहणं त्यांना अवघड जात होतं.

"मास्तर, खुर्चीत बसायचंय. उचलू, की हात देऊ?"

मास्तरांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीला टेकून ठेवलेल्या वॉकरकडे. डॉक्टरांनी तो कधीचा आणून ठेवायला लावला होता. त्यावर टॉवेल वाळत असायचे.

"पडलो तर?"

"तर बोंब मारा. मी इथेच आहे."

"ड्रायव्हरसाहेब," मास्तर पलीकडे वळून म्हणाले, "जरा तिकडे बघा. मला लाज वाटते."

"मी झोपलोय," ड्रायव्हर डोळे टक्क उघडे ठेवून म्हणाला.

मास्तर उठले. किती वेळ लागला ते विचारू नये. एकदा बसले, एकदा शिवी दिली, एकदा देवाचं नाव घेतलं, आणि त्यातलं देवाचं नाव वहिनींनी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर घेतलं. त्यांनी मास्तरांचं फक्त कोपर धरलं. बाकी सगळं अंग पुढे धावत होतं, त्याला आवरताना त्यांच्या कपाळावर घाम आला. कपाट उचलताना असा घाम त्यांना कधी आला नव्हता. मास्तर उभे राहिले, एक पाऊल टाकलं, आणि वॉकर गुळगुळीत फरशीवर करकरत पुढे सरकला. वहिनींचे हात सुटले. पण ते मास्तरांच्या मानेखाली गेले नाहीत, वॉकरच्या दांडीवर गेले. वॉकर जागच्या जागी थांबला. मास्तरही थांबले, लटपटत, पण स्वतःच्या पायांवर.

"याचे रबर झिजलेत," मास्तर खाली बघून म्हणाले, जणू दुसऱ्या कुणाच्या विजारीची शिवण बघत होते. "चारही. पायाला रबर नसेल तर चांगला माणूसही घसरेल." मग त्यांनी सुईवाल्या सिस्टरला हाक मारली, "सिस्टर, दोरा आहे का?"

खुर्चीत बसल्यावर त्यांनी स्वतः दोरा वॉकरच्या नळीभोवती गुंडाळला, नखाने खूण केली, दातांनी तोडला आणि वहिनींच्या हातात दिला. "हे माप. सैल आणू नकोस."

पाळी संपल्यावर वहिनींनी तो दोरा रुमालाच्या टोकाला बांधला आणि दुकान बंद व्हायच्या आत वॉकरची चार रबरी बुचं आणायला त्या हार्डवेअरवाल्याकडे निघाल्या.